केतुबा आणि कातरकाम

पेशवाईंतील कागदपत्रें ज्यानें चाळलीं आहेत त्यास ‘कतबा’ हा शब्द नवा नाहीं. एखाद्यानें आपणावर लेखी बंधन घालून घेऊन दुसऱ्यास जो कागद लिहून द्यावयाचा तो कतबा. हा शब्द फारशीच्या वाटेनें अरबींतून आपल्याकडे आला, आणि ज्या क-त-ब धातूपासून तो निघाला त्याच धातूपासून ‘किताब’ हि निघाला. हिब्रू ही अरबीची बहीण. तिच्यांत त्याच धातूचा शब्द ‘केतुबा’, म्हणजे ‘लिहिलेलें’. यहुदी विवाहांत वरानें वधूस जो लेख करून द्यावयाचा त्याचें हें नांव. नात्यानें तो आपल्या कतब्याचा चुलतभाऊच म्हणावयाचा. परंतु दोघांच्या दैवांत केवढें अंतर! आपला कतबा दप्तराच्या रुमालांत गेला आणि वाळवीचा धनी झाला. केतुबा मात्र सोन्याच्या वर्खानें नटला, त्याच्या कडेनें पक्षी बसले, कमानी उभ्या राहिल्या. आणि गेल्या कांहीं दशकांत तर चाकूनें जाळीदार कातरलेल्या कागदाच्या चौकटींत बसून तो नवदंपतीच्या दिवाणखान्यांत भिंतीवर चढला.

वस्तुतः केतुबा हा एक कर्जरोखा आहे. गहाणखतावर कोणी वेलबुट्टी काढीत नाहीं. व्यवहाराचा कागद जितका रुक्ष तितका विश्वासास पात्र, अशीच जगाची समजूत. मग ह्या एकाच रोख्यास इतके अलंकार कां चढावे ? लग्न म्हटलें कीं शोभा आलीच, हें सोपें उत्तर आहे. पण तें पुरें नाहीं. लग्नें सर्वत्र थाटाचीं होत असतांना कित्येक देशांतील यहुद्यांचा केतुबा साधाच राहिला आहे. म्हणून आधीं त्या कागदांत काय असतें तें पाहिलें पाहिजे.

केतुब्याचा मजकूर हिब्रूंत नसून अरामी भाषेंत असतो. ज्या काळीं तो सिद्ध झाला त्या काळीं अरामी ही बाजारची व घरची बोली होती. आपणांस काय मिळत आहे तें वधूस समजावें अशी ती सोय. आज ती बोली पंडितांखेरीज कोणास कळत नाहीं, हा काळाचा विनोद. आरंभीं वार, तिथि, सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचें वर्ष व गांवाचें नांव. मग अमुकाचा पुत्र अमुक यानें अमुकाची कन्या अमुक हीस पत्नी होण्याविषयीं विनविलें, तिला अन्नवस्त्र देण्याचें व तिचा संसार नीट चालविण्याचें पत्करलें, असा मजकूर. त्यापुढें आंकडे येतात. कुमारिकेस दोनशें झूझ, विधवेस अगर घटस्फोटितेस शंभर. शिवाय तिनें माहेरून आणलेल्या वस्तूंची किंमत, आणि वर आपखुशीनें घालील ती भर. हें सारें देणें पतीनें काडी मोडल्यास किंवा तो निवर्तल्यास तिच्या पदरांत पडावयाचें. आणि ह्या देण्यास तारण काय ? त्याची स्थावर-जंगम सारी मिळकत, आजची आणि पुढें मिळेल ती. फार काय, अंगावरील झग्यापर्यंत सर्व. खालीं दोन साक्षीदारांच्या सह्या. वधूकडून मात्र ह्या कागदांत एकहि रक्कम येणें नाहीं. देणेंकरी एकच आणि धनकोहि एकच. आपल्या धर्मशास्त्रांतील स्त्रीधनाचा विचार ज्यांस ठाऊक आहे त्यांस येथें ओळखीची खूण पटेल. पण स्त्रीधन हें स्त्रीच्या हातीं आलेलें धन, तर केतुबा हें पतीवर कायमचें उभें असलेलें ऋण.

हें तारण कसें आलें याची हकीकत तालमुदांत दिली आहे, आणि ती मला सर्व प्रकरणांत अधिक बोलकी वाटते. प्रथम पुरुष नुसती रक्कम लिहून देत. तारण नसल्यामुळें स्त्रिया लग्नास तयार होईनात व पुरुष तसेच म्हातारे होऊं लागले. मग ती रक्कम रोख काढून वधूच्या बापाच्या घरीं ठेवण्याची चाल पडली. तिचा परिणाम उलटा झाला. नवऱ्याचा राग चढला कीं, ‘जा आपल्या केतुब्याकडे’ असें म्हणण्यास त्याला कांहींच अडचण उरली नाहीं. पैसा तर अगोदरच घराबाहेर गेलेला! मग तो पैसा सासरींच भांडींकुंडीं करून ठेवण्याचा प्रयोग झाला. तेव्हां नवरा म्हणे, उचल तुझीं भांडीं आणि नीघ. शेवटीं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत शिमोन बेन शेताह यानें असें ठरविलें कीं, पैसा बाजूस काढूं नये, पतीनें तो व्यापारउदीमांत खुशाल वापरावा. परंतु त्याच्या एकूण मिळकतीवर पत्नीचा बोजा राहावा. म्हणजे बायकोस घालवावयाची तर चालत्या धंद्यांतून पैसा उपटावा लागणार. मनुष्यस्वभावाची इतकी अचूक पारख करणारा कायदेपंडित विरळा. त्यानें नवऱ्यास सद्वर्तनाचा उपदेश केला नाहीं. त्याच्या रागास विचार करण्यापुरता वेळ मिळावा एवढी व्यवस्था केली.

लेखी विवाहपत्राची चाल त्याहूनहि जुनी. नाईल नदींतील एलेफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती; तेथील पपायरसांपैकीं ख्रिस्तपूर्व ४४९ मधील एक विवाहपत्र सध्यां ब्रुकलिनच्या संग्रहालयांत आहे. वर देवळाचा सेवक अनन्या, वधू तामुत नांवाची दासी. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यांत सभेपुढें उभें राहून विवाह मोडण्याचा अधिकार दोघांसहि दिला आहे. पुढें इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील बाबाथा नांवाच्या विधवेचें दप्तर मृतसमुद्राजवळील एका गुहेंत १९६१ सालीं यिगाएल यादीन यांस सांपडलें. त्यांत तिचा केतुबा आहे, चारशें दिनारांचा. आणि केवळ केतुबाच नाहीं. पतीच्या मृत्यूनंतर इ. स. १३० मध्यें तिनें त्याच्या खजुराच्या बागा आपल्या येण्यापोटीं ताब्यांत घेऊन त्यांचें पीक विकल्याचे कागदहि त्याच दप्तरांत आहेत. कागदावरील बोजा प्रत्यक्षांत वसूल होत होता, याहून चांगला पुरावा कोणता हवा ?

जो कागद वसूल होतो त्यांत लबाडी होण्याचेंहि भय असतें. आणि माझ्या मतें केतुब्याच्या अलंकाराचें एक मूळ ह्या भयांत आहे. ओळीच्या शेवटीं जागा उरली तर मागाहून कोणी एखादी अट घुसडील, म्हणून लेखक अक्षरें ताणून ओळ कांठोकांठ भरीत. समास मोकळा राहिला तर तेथेंहि तोच धोका. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत अल्जीयर्स येथील रब्बी शिमोन बेन त्सेमाह दुरान यांनीं मजकुराभोवतालची मोकळी जागा वचनांनीं व नक्षीनें भरावी असा सल्ला दिल्याचें नमूद आहे. म्हणजे ज्यास आपण वेल म्हणतों तें मुळांत कुंपण. अशाच सावधपणाची दुसरी एक चाल आहे. व्यवहार पक्का झाला हें सांगणारा जो शब्द लेखाच्या अखेरीस येतो, त्यांतील कोफ अक्षराचा खालीं लोंबणारा पाय कित्येक लेखक मुद्दाम लिहीत नाहींत. विधीच्या वेळीं, साक्षीदारांदेखत, तो पाय जोडावयाचा.

आतां हा बोजा जेथें खरोखर जड होता आणि जेथें हलका झाला त्या प्रदेशांची तुलना केली म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. जर्मनी-पोलंडकडील अश्केनाझी यहुद्यांत इ. स. १००० च्या सुमारास माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्या नांवानें चालत आलेल्या निर्बंधांनीं पत्नीच्या संमतीवांचून काडी मोडण्यास व दुसरी बायको करण्यास बंदी झाली. साहजिकच केतुब्याचें पूर्वीचें काम निर्बंधानेंच उरकलें. रकमा सर्वांच्या एकसारख्या ठरून गेल्या, आणि ज्यांत पाहण्यासारखा आंकडाच नाहीं तो कागद सजवावयाचा कोणीं? अश्केनाझी मध्ययुगांतील चित्रित केतुबा म्हणून ऑस्ट्रियांतील क्रेम्स गांवचा १३९१-९२ सालचा लेख दाखवितात. त्यांत वर अंगठी पुढें करून उभा आहे. अशा गोष्टीची संख्या बोटावर मोजण्याइतकीहि नाहीं.

इटलींत नेमका उलट प्रकार. स्पेनमधून १४९२ सालीं घालवून दिलेल्या यहुद्यांनीं आपल्याबरोबर सजविलेल्या केतुब्याची आवड आणली. सतराव्या-अठराव्या शतकांत व्हेनिस, मांतुआ, आंकोना, रोम येथें ती फोफावली. येथें रकमा घरोघरच्या वेगळ्या. विधीच्या वेळीं लेख मोठ्यानें वाचला जाई. वऱ्हाडी मंडळी ऐकत व पाहतहि. चर्मपत्राच्या त्या मोठ्या पानांवर दोन खांब व वर कमान असें द्वार असे, सभोंवार बारा राशी, एखाद्या कोपऱ्यांत जेरुसलेम, कुठें आदम आणि हव्वा हें पहिलें जोडपें. पण खरी मौज निराळी आहे. चित्र कोणतें काढावयाचें हें पुष्कळ वेळां वधूवरांच्या नांवांवरून ठरे. वराचें नांव इसहाक असेल तर बापानें त्यास वेदीवर चढविल्याचा प्रसंग. दाविद असेल तर वीणा हातीं घेतलेला राजा. म्हणजे आजचे कलावंत जें ‘खास तुमच्यासाठीं’ म्हणून सांगतात तें तीनशें वर्षांपूर्वीं तेथें रूढ होतें. ह्या पायीं खर्च इतका वाढला कीं कांहीं गांवच्या पंचांस सजावटीच्या खर्चावर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडील लग्नखर्चाचीं गाऱ्हाणीं ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्यांस यांत नवल वाटावयाचें नाहीं.

याच इटलींत चर्मपत्रास पातें लागलें. कडेची नक्षी रंगविण्याऐवजीं कोणी ती कोरून काढली. मागें रंगीत कापड किंवा कागद ठेवला म्हणजे ती जाळी उठून दिसे. रंग चढविला तर पान जड होतें, कातरलें तर हलकें होतें. आणि कुंपणाचा हेतु तर त्यानें अधिकच साधतो, कारण जेथें कागदच उरला नाहीं तेथें लबाड लेखणी टेकणार कोठें?

इराणांत इस्फहानच्या केतुब्यांवर समोरासमोर दोन सिंह व मागें उगवता सूर्य असतो. तें त्या देशाचेंच राजचिन्ह. मशहद येथील यहुद्यांस १८३९ सालीं बळानें मुसलमान करण्यांत आलें. त्यानंतर तेथें एका लग्नाचे दोन लेख होऊं लागले, एक चारचौघांत दाखविण्याचा, दुसरा गुप्त केतुबा. ह्या दुसऱ्या कागदास काय मोल असेल तें सांगावयास नको. भारतांतील बगदादी यहुद्यांच्या कांहीं केतुब्यांवर मासोळ्यांची जोडी आढळते. आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल, ज्यांस शनिवारीं घाणा बंद ठेवण्यावरून शनवार तेली म्हणत, त्यांच्यांतहि लग्नांत केतुबा वाचला जातो. त्यांच्या रीतीभातींची माहिती हवी असल्यास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला व १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापलेला इतिहास पाहावा. वधूच्या हातांवर मेंदी आणि रोख्याची भाषा अरामी, असा तो संगम आहे.

कातरकामाची परंपरा मात्र केतुब्याबाहेर, निराळ्याच वाटेनें वाढली. तिच्या आरंभीं एक सुंदर गोष्ट आहे. स्पेनमधील शेम तोव अर्दुतिएल ह्या कवीनें १३४५ सालीं लेखणी व कातर यांच्या युद्धावर एक हिब्रू रचना केली. थंडी एवढी पडली कीं दौतींतील शाई गोठली. लेखणी निरुपयोगी झाली. तेव्हां त्यानें कातर उचलली आणि अक्षरें कागदांतून कापून काढलीं. पुढें कागद स्वस्त झाल्यावर पूर्व युरोपांतील गांवोगांव हा उद्योग पसरला. करणारे बहुधा पुरुष. पाठशाळेंतील विद्यार्थी, शिक्षक, मंदिराचे सेवक. कागदाची उभी घडी घालावयाची, ती फळीवर ठोकावयाची, आणि धारदार सुरीनें कापावयाचें. घडी उलगडली कीं एका सिंहाचे दोन होतात व मधील वृक्षाच्या दोहों अंगांस उभे राहतात. घराच्या पूर्व भिंतीवर प्रार्थनेची दिशा दाखविण्याकरितां लावावयाचें पत्र, शावुओत सणाला खिडकीस चिकटवावयाचीं फुलें, असे त्याचे उपयोग. पोलंडकडील केतुबा कातरलेला क्वचितच. त्याचें कारण वर आलेंच आहे; तेथें केतुबा भिंतीवर लावण्याची वस्तु उरलीच नव्हती. १९३९ ते १९४५ च्या संहारांत ते कारागीर व त्यांचे कागद दोन्ही गेले. गिझा फ्रँकेल, व पुढें जेरुसलेमचें यहुदित आणि जोसेफ शादुर हें दांपत्य, यांनीं जें वांचलें तें धुंडाळून त्यावर लिहिलें, म्हणून आज ह्या कलेचा इतिहास सांगतां येतो. यहुदित शादुर स्वतः कातरकाम करीत; दोघांचा मोठा ग्रंथ २००२ मध्यें निघाला.

इटलीचा केतुबा आणि पोलंडची सुरी यांची गांठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अमेरिकेंत व इस्रायलमध्यें. डेव्हिड मॉस प्रभृति तरुण कलावंतांनीं सत्तरीच्या सुमारास छापील नमुन्याऐवजीं हातानें लिहिलेला व चितारलेला केतुबा पुन्हां प्रचारांत आणला. त्यामागोमाग कातरलेला केतुबा आला. हें काम कसें चालतें तें थोडें सांगण्यासारखें आहे. कलावंत प्रथम नांवें विचारतो. हिब्रू नांवें, बापांचीं, आणि हल्लीं बहुशः आयांचींहि. मग तिथि. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. लग्न दिवसां चारला आहे कीं रात्रीं आठला यावर तिथि बदलते. ही केवळ पंचांगाची काटेकोरी नव्हे. मागील तिथि घातलेला रोखा यहुदी कायद्यांत बाद ठरतो, कारण बोजा त्या तिथीपासून बसणार आणि मध्यंतरींच्या खरेदीदारांचें नुकसान होणार. म्हणजे आज हौसेनें चित्र काढविणाऱ्या जोडप्यासहि बाबाथाच्या बागांचा नियम लागू आहे. नंतर नक्षी. डाळिंब, द्राक्षवेल, सात फांद्यांचा दीप, जेरुसलेमचे घुमट. एखाद्याचें गांव समुद्रकांठीं असेल तर लाटा. जेथें नक्षी सारखी आहे तेथें घडी उपयोगी पडते. अक्षरें आलीं कीं घडी मोडावी लागते, कारण उलटें अक्षर कोण वाचणार?

अक्षरांत आणखी एक पेंच आहे. सामेख, आणि शब्दाच्या शेवटीं येणारा मेम, हीं दोन अक्षरें आपल्या ठकाराच्या पोटासारखीं चोहोंकडून बंद. कागदांतून अक्षर आरपार कापलें कीं मधला तुकडा गळून पडतो. तालमुदांत याचा उल्लेख आहे, आणि तो साक्षात् मोशेच्या पाट्यांविषयीं. त्या शिलापट्टांवर अक्षरें आरपार कोरलेलीं होतीं. तर मग मेम व सामेख यांचे गाभे टिकले कसे? रब्बी हिस्दा यांचें उत्तर, चमत्कारानें. कागदाच्या कारागिरास चमत्काराचा आधार नाहीं; तो गाभा आणि बाहेरचा कागद यांमध्यें गव्हाच्या काडीएवढा सांधा ठेवतो आणि वेलीच्या देठांत तो लपवितो. कातरकामाचा सारा नियमच एवढा आहे कीं प्रत्येक पान, प्रत्येक पक्षी कोठेंतरी कडेस जोडलेला असला पाहिजे. हल्लीं हें काम पुष्कळ ठिकाणीं लेसरच्या किरणानें होतें. एका नमुन्याच्या शंभर प्रती निघतात आणि नांवें तेवढीं बदलतात. किरणाने कापलेली कड किंचित् करपते. सुरीची कड स्वच्छ राहते. मूळ मजकूर व साक्षीदारांच्या सह्यांची जागा दोन्हीं प्रकारांत अखंडच ठेवतात.

येथपर्यंत शोभेची बाजू झाली. पण ज्या मजकुराभोंवतीं हें कुंपण उभें राहिलें त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. इस्रायलमध्यें आजहि वर खरी रक्कम लिहितो, आणि ती पुष्कळदां शुभ मानलेल्या अठराच्या पटींत असते. अमेरिकेंतील कित्येक जोडप्यांच्या केतुब्यांतून मात्र झूझ गेले, तारण गेलें, अंगावरचा झगाहि गेला. त्यांच्या जागीं परस्परांच्या आदराचीं व प्रेमाचीं वचनें आलीं, तींहि इंग्रजींत. स्त्रीपुरुषांस समान लेखणाऱ्या आजच्या मनास एकतर्फी रोखा रुचूं नये हें मी समजूं शकतों. वधूची ‘किंमत’ दोनशें कीं शंभर, ही भाषा तर कोणालाहि बोंचेल. तरीहि प्रेमाच्या वचनाची वसुली कोणत्या न्यायालयांत करावयाची, हें शिमोन बेन शेताह यानें खचित विचारलें असतें. ज्या लेखांत घुसडण्यासारखें कांहींच उरलें नाहीं त्यास कुंपणाची गरज राहत नाहीं. तेथें नक्षी ही निव्वळ नक्षी होते, आणि तशी ती सुंदर असतेहि.

दुःखाची बाब अशी कीं, स्त्रीचा प्रश्न मात्र संपलेला नाहीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें पतीनें ‘गेट’ हें घटस्फोटपत्र स्वतः दिल्याखेरीज पत्नी मोकळी होत नाहीं. सरकारी न्यायालयानें विवाह मोडला तरी नवरा हट्टानें गेट न देतां बसला, तर ती ‘अगुना’, म्हणजे बांधलेली, राहते. तिला पुन्हां लग्न करतां येत नाहीं. केतुब्यानें घाईचा घटस्फोट अडविला. अडवून धरलेला घटस्फोट सोडविण्याची युक्ति त्यांत नव्हती. न्यूयॉर्क येथील जुइश थिऑलॉजिकल सेमिनरींतील पंडित शौल लीबरमान यांनीं १९५३-५४ च्या सुमारास केतुब्यांतच एक कलम वाढविलें : उभयतां धर्मन्यायपीठाचा अधिकार मानतील व त्यानें बोलावल्यास हजर राहतील. दोन हजार वर्षांच्या रोख्यांत नवें कलम घालण्याचें धाडस म्हणून मला त्याचें कौतुक वाटतें. सनातनी पक्षास तें मान्य झालें नाहीं. त्यांनीं पुढें १९९० नंतरच्या दशकांत निराळा विवाहपूर्व करार तयार केला. त्यांत नवरा असें लिहून देतो कीं, आम्ही विभक्त झालों तर गेट देईपर्यंत तिच्या पोषणाकरितां मी दर दिवसाला ठराविक रक्कम देईन. रोज वाढणारें देणें, आणि तें सरकारी न्यायालयांत वसूल होण्यासारखें.

हा कागद इंग्रजींत टंकलिखित असतो. त्याला खांब नाहींत, कमान नाहीं, डाळिंबें नाहींत. लग्नाच्या आधीं कांहीं दिवस वधूवर नोटरीपुढें जाऊन त्यावर सह्या करतात, आणि तो कपाटांत ठेवून देतात.